सतरा नंबरला

तुला नाव नाही. नर्स म्हणाली, नुसता नंबर,
इंटरल्यूकिन सतरा.
औषधाच्या खोक्यामागे इंगा-मारेटने पेनाने चित्र काढलं,
एक गोल, एक बाण, आणखी एक बाण,
आणि शेवटचा बाण वळून पुन्हा पहिल्याच गोलाला.
मला ते लगेच कळलं.
एकतीस वर्षं वार्डेच्या किनारी रेडिओवर बसले आहे मी.
नंबरांशी माझं जमतं.

दोन-एक-आठ-दोन.
बुडणाऱ्याने हाक मारायची ती या नंबरावर.
आमच्या घड्याळात दोन पाचरी रंगवलेल्या असत,
तास भरला की तीन मिनिटं, अर्ध्या तासाला तीन मिनिटं,
अख्ख्या समुद्राने गप्प बसायचं,
कुणाची बारीक हाक असेल तर ऐकू यावी म्हणून.

त्र्याऐंशीच्या जानेवारीत एदविनने ओला हातमोजा
मायक्रोफोनवर टाकला. कळ दाबली गेली, दाबलेलीच राहिली.
चार तास चाळीस मिनिटं
आम्हाला त्याचं इंजिन ऐकू आलं, किटली ऐकू आली,
अर्धवट गुणगुणलेलं चर्चमधलं गाणं.
बोट धडधाकट होती. माणूस खुशाल होता.
आम्ही ओरडत होतो, एदविन, कळ सोड,
पण कळ दाबलेला रेडिओ
ऐकू शकत नाही.

तुझंही तेच, सतरा.
तेवीस नंबर तुला जागं करतो, तू त्वचेला हाका मारतोस,
आणि ती बिचारी धावत सुटते.
महिन्याचं काम पाच दिवसांत,
कच्च्या पोरांना झोपेतून उठवून डेकवर उभं करावं तशा पेशी,
थरावर थर,
आणि मग तीच उलट हाका मारू लागते, आणखी या, आणखी या.
साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.
आमच्या बेटावर तर साप नाहीतच.

सुरुवात कानामागे झाली,
हेडफोनची पट्टी जिथे घासायची तिथे.
मग कोपरं, पाठ, केसांची कड.
नोव्हेंबरात सूर्य गेला की तुझा आवाज चढायचा.
काळा स्वेटर मी कधीच घेतला नाही.
ओडमुन मासे साफ करून घरी यायचा,
त्याच्या बाहीवर खवले, माझ्या बाहीवर खवले,
त्याचे धुतले की जायचे.
पहाटे मी उठायच्या आत तो माझ्या बाजूची चादर झटकायचा,
काही न बोलता.
त्या न बोलण्याचा मला किती राग यायचा.
आता चादर मीच झटकते.

सुईआधी त्यांनी छातीचा फोटो काढला, क्षयासाठी रक्त घेतलं.
मी विचारलं, याला गप्प केलं
आणि नेमकी तेव्हाच खरी हाक आली तर?
इंगा-मारेट थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.
बर्फ नांगरणारी गाडी मागे येत होती, पीं पीं करत.
म्हणाली, जिभेवर पांढरं दिसलं तर फोन कर. ताप आला तरी.
मग मांडीवर पेन टेकवलं. टक्.
पंधरापर्यंत मोज, म्हणाली. टक्.

सहावा आठवडा.
कोपराला हात लावते तर कोपरच लागतं.
बोटं उगाच पुन्हा पुन्हा तिथे जातात,
जुन्या घराचा पत्ता विचारत.

रात्री अडीचला मला अजून जाग येते.
सवय. तीन मिनिटं मी हलत नाही.
हीटरची टिकटिक, बंदरात दोर करकरतो,
बाकी काही नाही, तूही नाहीस.
तुझी आठवण येते असं म्हणणार नाही मी, इतकी वेडी नाही.
पण त्या चार तास चाळीस मिनिटांत
दुसऱ्या कुणी हाक मारली होती का,
हे आम्हाला कधीच कळलं नाही.
त्या रात्री कुठली बोट हरवल्याची नोंद नाही.
नोंद नाही, एवढंच.

डाव्या गुडघ्यावर एक ठिपका उरलाय, नाण्याएवढा.
इंगा-मारेट म्हणते, तोही जाईल.
मी सकाळी दिवा लावते,
आरशासमोर जीभ बाहेर काढते,
बघते.